कवळी वापरणाऱ्यांची तोंडाची स्वच्छता: आईच्या लाल झालेल्या टाळूच्या निमित्ताने

आपण काय विचारले आहे ते आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे उत्तर कशाला धरून आहे हे इतर वाचकांनाही कळेल. आपल्या आई ७२ वर्षांच्या आहेत आणि राजापूर तालुक्यातील एका वाडीत एकट्या राहतात. सहा वर्षांपूर्वी त्यांना वरची आणि खालची अशी पूर्ण कवळी बसवली. ती त्या रोज सकाळी टूथपेस्ट लावून घासतात आणि रात्री तोंडातच ठेवून झोपतात. गेले काही महिने आमटी जरा तिखट झाली की टाळूला झोंबते, ओठांच्या कोपऱ्यांत चिरा पडल्या आहेत आणि तोंडाला वास येतो. गणपतीत गावी गेलात तेव्हा आपण त्यांना कवळी काढायला लावली, तर टाळू कवळीच्याच आकारात लालभडक दिसली. दातच उरले नाहीत तर तोंडात आणखी घासायचे काय, असे आईंचे म्हणणे आहे. आणि नवी कवळी करावी की काही औषध द्यावे, असा आपला प्रश्न आहे.

नवी कवळी तूर्त करू नका. आज रात्रीपासून आईंनी कवळी काढून झोपावे, कवळी आणि टाळू या दोन्हींची स्वच्छता एकाच वेळी सुरू करावी आणि येत्या आठवड्यात जवळच्या दंतवैद्यांना दोन्ही दाखवावे. टाळू सुजलेली असताना नव्या कवळीसाठी माप घेतले, तर ते सुजेचे माप होते. सूज उतरली की तीच नवी कवळी ढिली वाटू लागते आणि झालेला खर्च पाण्यात जातो. म्हणून आधी टाळू बरी करायची आणि मग कवळीचा निर्णय घ्यायचा, हा क्रम मी दंतवैद्य म्हणून गेली २८ वर्षे या किनारपट्टीवर पाळत आलो आहे.

आपण वर्णन केलेल्या विकाराला आम्ही डेंचर स्टोमॅटायटिस, म्हणजे कवळीखालच्या टाळूचा दाह, म्हणतो. त्याची खूण अशी की लाली नेमकी कवळीच्या कडेपाशी थांबते. कोणी पेन्सिलीने हद्द आखून दिली असावी इतकी ती रेघ स्पष्ट असते. खालच्या हिरडीवर हा त्रास क्वचितच दिसतो, आणि त्याचे कारण समजून घेण्यासारखे आहे. वरची कवळी टाळूला चिकटून बसते, म्हणूनच ती पडत नाही. पण त्याच कारणाने तिच्या खाली लाळ जवळजवळ पोचत नाही. लाळ हा तोंडाचा स्वतःचा पाण्याचा पाट आहे. तो जिथे वाहत नाही तिथे कॅन्डिडा नावाची बुरशी आणि तिच्या जोडीचे जीवाणू थर धरून वाढतात. ही बुरशी कितीतरी निरोगी माणसांच्या तोंडातही असते आणि काही उपद्रव करत नाही. उबदार, ओलसर, अंधारी आणि लाळेपासून तुटलेली जागा दिवसाचे चोवीस तास मिळाली की मग ती उपद्रव करते. बहुतेक रुग्णांना या अवस्थेत दुखत नाही, त्यामुळे वर्षानुवर्षे कोणाच्या लक्षात येत नाही. आपल्या आईंना झोंबू लागले आणि आपण कवळी काढायला लावून पाहिलेत, हे फार चांगले झाले.

आता ‘रोज घासतात, तरी असे का?’ या शंकेकडे येतो. माझ्याकडे कवळीची तक्रार घेऊन कोणी आले की मी कवळी हातात घेऊन दातावरचा थर दाखवणारा गुलाबी रंग तिच्यावर लावतो, साध्या पाण्याने धुतो आणि सोबत आलेल्या मुलाच्या किंवा सुनेच्या हातात देतो. दहापैकी बहुतेक वेळा चित्र सारखेच असते. पुढचे दात स्वच्छ, ओठाकडची बाजू चकचकीत. आणि उलटी केली की टाळूला लागणारी आतली बाजू, विशेषतः मधली खळगी आणि कडेची पन्हळ, गुलाबी रंगाने माखलेली. नख ओढले तर त्याखाली साबणाच्या लगद्यासारखा मऊ थर येतो. घासणाऱ्याची काही चूक नसते. जी बाजू लोकांना दिसते ती घासायची ही सवय नैसर्गिक दातांपासूनची असते. पण कवळीच्या बाबतीत आजार त्या न दिसणाऱ्या बाजूला असतो. तेव्हा आईंना पहिली गोष्ट ही सांगा, की ब्रश आधी आतल्या बाजूला लावायचा, तिथे सर्वांत जास्त वेळ द्यायचा आणि दात शेवटी घासायचे.

दुसरी गोष्ट टूथपेस्टची. नैसर्गिक दाताचे कवच अत्यंत कठीण असते, म्हणून टूथपेस्टमधली बारीक खर त्याला सोसते. कवळीचे गुलाबी आवरण आणि बहुतेक कवळ्यांचे दातही अ‍ॅक्रिलिकचे असतात. १९३० च्या दशकाच्या उत्तरार्धात हा प्लास्टिकचा प्रकार कवळ्यांसाठी वापरात आला, त्याआधी कडक केलेल्या रबराच्या कवळ्या असत. अ‍ॅक्रिलिक हलके आहे, रंगाला छान आहे, दुरुस्त करता येते. पण दाताच्या कवचापुढे ते मऊ आहे. टूथपेस्टने रोज घासल्यावर त्यावर केसासारखे बारीक ओरखडे उठतात, डोळ्यांना ते दिसत नाहीत आणि बुरशी नेमकी त्यातच रुजते. म्हणजे घासणे जितके जोरात, तितके पुढचे काम अवघड. दंतमंजन, राखुंडी, मीठ, खाण्याचा सोडा घेऊन कोरडे घासणे, हे सगळे याच माळेतले. काही वर्षांपूर्वी एक आजी माझ्याकडे आल्या होत्या. त्या दुपारची भांडी घासताना त्याच राखेने आणि नारळाच्या काथ्याने कवळीही घासून काढत. कवळी इतकी निर्मळ ठेवणारी दुसरी बाई वाडीत नाही, असे त्यांच्या सुनेने अभिमानाने सांगितले आणि ते खरेही होते. पण कवळीवरचा सगळा तुकतुकीतपणा गेला होता, दातांचे उंचवटे झिजले होते, आणि आतली बाजू हाताला खडबडीत फरशीसारखी लागत होती. त्यांच्या कष्टाचे मला फार वाईट वाटले. इतक्या निगुतीने केलेले काम केवळ साधन चुकल्यामुळे उलटले होते.

योग्य साधन साधेच आहे. भांडी घासण्याच्या पातळ साबणाचा एक थेंब किंवा हात धुण्याचा सौम्य द्रव साबण, मऊ केसांचा ब्रश आणि पाणी. कवळीचा वेगळा ब्रश औषधाच्या दुकानात मिळतो. त्याची एक बाजू रुंद आणि दुसरी निमुळती असते, ती निमुळती बाजू आतल्या पन्हळीत नीट शिरते. तो मिळाला नाही तर लहान मुलांचा मऊ ब्रश चालेल, फक्त तो या कामासाठी वेगळा ठेवावा. आईंच्या बोटांना संधिवात असेल आणि ब्रशची बारीक दांडी पकडवत नसेल, तर दांडीभोवती जुन्या साडीची पट्टी गुंडाळून दोऱ्याने बांधून द्या. मूठ जाड झाली की पकड येते.

धुण्याची जागाही सांगतो, कारण माझ्याकडे दुरुस्तीला येणाऱ्या तुटक्या कवळ्यांपैकी निम्म्या तरी मोरीत पडून तुटलेल्या असतात. ओल्या साबणाच्या हातातून कवळी निसटते, आणि खाली जांभा किंवा शहाबादी असेल तर दुसरे काय होणार? पाटावर बसून समोर परात घ्यावी, परातीत चार बोटे पाणी घालून तळाला एक जाडसर पंचा पसरावा आणि त्यावर हात ठेवून कवळी घासावी. हातून सुटली तरी पाण्यात आणि कापडावर पडते. खालची कवळी घोड्याच्या नालासारखी असते. तिची दोन टोके चिमटीत धरून दाबली की मध्ये ताण येऊन ती दुभंगते. म्हणून जी बाजू घासायची तीच बाजू तळहातावर घेऊन बोटांनी अलगद धरावी. विहिरीवर, व्हाळावर किंवा होडीच्या कडेला बसून कवळी धुऊ नये, हे मी दर पावसाळ्यात सांगतो. उलटी आली किंवा मोठी शिंक आली तरी तोंडावर हात धरावा, कारण पाण्यात गेलेली कवळी परत मिळत नाही.

दिवसातून एकदा अशी नीट धुलाई, तीही शक्यतो रात्री, आणि प्रत्येक जेवणानंतर कवळी काढून नुसत्या पाण्याने विसळणे व चूळ भरणे, इतके नियमाने झाले तर बहुतेकांना पुरेसे होते. आपल्याकडच्या जेवणात विसळण्याला विशेष महत्त्व आहे. मांदेली किंवा तारलीचा बारीक काटा, किसलेल्या खोबऱ्याचा कण, भाजलेल्या काजूचा तुकडा कवळीखाली अडकला की घास चावताना तो हिरडीत रुततो, आणि दातांच्या अभावी तो लगेच जाणवतही नाही. दोन दिवसांनी तिथे छाला उठतो आणि दोष कवळीवर येतो. मासे खाल्ल्यावर तर विसळणे चुकवूच नये.

भिजवण्याच्या द्रावणांबद्दल थोडे विस्ताराने लिहितो, कारण इथे उत्साहाच्या भरात नुकसान होते. पाण्यात टाकल्यावर फसफसणाऱ्या कवळीच्या गोळ्या मिळतात. पाकिटावर लिहिलेल्या वेळेपुरती कवळी त्यात ठेवली तर थर सैल होतो, डाग आणि वास कमी होतो. मात्र गोळी ब्रशची जागा घेत नाही. आधी ब्रश, मग गोळी, आणि तोंडात घालण्यापूर्वी वाहत्या पाण्याखाली खळखळून विसळणे, हा क्रम ठेवावा. ते पाणी गुळणीसाठी नाही आणि कवळी तोंडात असताना ही गोळी कधीही वापरायची नाही. काही जणांना तिच्यातल्या परसल्फेट या रसायनाची अ‍ॅलर्जी असते. हिरडी जळजळू लागली, ओठ सुजले किंवा श्वास लागला तर ती बंद करून डॉक्टरांना दाखवावे. ज्या घरात वृद्ध माणसाला विस्मरणाचा आजार आहे तिथे ही पाकिटे औषधांच्या डब्यात ठेवू नयेत. औषधाची गोळी समजून गिळली जाण्याचा धोका खरा आहे.

ब्लीचचे पातळ द्रावण बुरशीवर चांगले चालते, पण ते दंतवैद्यांनी प्रमाण सांगितले तरच, फक्त धातू नसलेल्या कवळीसाठी आणि जास्तीत जास्त १० मिनिटे. त्याहून जास्त वेळ ठेवले तर कवळीचा गुलाबी रंग फिका पडतो, आणि तारेची किंवा धातूची कवळी असेल तर ती काळवंडून गंजते. कवळीवर दगडासारखा पिवळा थर बसला असेल, तर तो बहुधा खालच्या पुढच्या दातांच्या मागे किंवा वरच्या दाढांच्या गालाकडील बाजूला असतो, कारण लाळग्रंथींची तोंडे तिथे उघडतात. पांढऱ्या व्हिनेगरमध्ये तितकेच पाणी घालून अर्धा तास कवळी भिजवली तर कोवळा थर सुटतो. पण व्हिनेगर आणि ब्लीच कधीही एकत्र करू नका, एकाच भांड्यात लागोपाठही वापरू नका. त्यातून विषारी क्लोरीन वायू निघतो. जुना, घट्ट बसलेला थर सुरीने किंवा पिनेने खरवडू नये. दंतवैद्य तो यंत्राने काढून कवळीला पुन्हा पॉलिश करून देतात, आणि त्याला फार खर्च येत नाही.

जंतू मारण्यासाठी कवळी उकळत्या पाण्यात टाकणे हा आणखी एक घरगुती उपाय. बाळाच्या दुधाच्या बाटल्या उकळतात त्या सवयीतून तो येत असावा. उकळत्या पाण्याने अ‍ॅक्रिलिक वाकते. फरक डोळ्यांना दिसेल न दिसेल इतकाच असतो, पण टाळूवर बसणाऱ्या वस्तूला तेवढा पुरतो. अशी वाकलेली कवळी मला पूर्ववत करता येत नाही. पाणी हाताला सहज सोसेल इतपतच कोमट असावे.

आता रात्रीबद्दल. या संपूर्ण उत्तरातली एकच गोष्ट आईंनी ऐकायची ठरवली, तर ती हीच असू द्या: झोपताना कवळी तोंडात नको. पायात दिवसभर जोडा घालणारा माणूस तो रात्री काढतो, कारण कातडीला वारा लागतो, रक्त फिरते, घाम सुकतो. टाळूची त्वचा पायाच्या कातडीहून कितीतरी नाजूक आहे. रात्रीचे सहा-आठ तास तिला मोकळीक मिळाली, लाळेने ती धुतली गेली, तर साधी लाली पुष्कळ वेळा औषधावाचून उतरते. शिवाय प्रश्न टाळूपुरता नाही. झोपेत थोडी लाळ श्वासनलिकेकडे जात असते आणि तिच्याबरोबर कवळीवरचे जंतूही जातात. जपानमध्ये ८५ वर्षांवरच्या ५२४ लोकांची सुमारे तीन वर्षे पाहणी झाली. तिचे निष्कर्ष २०१५ साली जर्नल ऑफ डेंटल रिसर्चमध्ये प्रसिद्ध झाले. कवळी लावून झोपणाऱ्यांत न्यूमोनियाचा धोका सुमारे दुप्पट आढळला. अशा पाहणीवरून कवळी हेच एकमेव कारण ठरत नाही, हे मान्य. पण वृद्ध माणसाला न्यूमोनिया किती महाग पडतो हे ज्याने पाहिले आहे, त्याला कवळी डब्यात ठेवण्याचे कष्ट फारच लहान वाटतील.

हे सगळे सांगूनही पुष्कळ स्त्रिया कवळी काढत नाहीत, आणि त्याचे कारण आळस नसतो. एका आजींनी मला विचारले होते, “बोळक्या तोंडान पावण्यांसमोर कसा बसू?” पदराआड तोंड करून कवळी काढणाऱ्या, आणि ती हातात देताना मान खाली घालणाऱ्या बायका मी रोज पाहतो. काहींच्या नवऱ्यानेही त्यांना कवळीवाचून पाहिलेले नसते. एकत्र कुटुंबात, पडवीत किंवा माजघरात चार जणांत झोपताना कवळी काढून ठेवणे म्हणजे त्यांना उघडे पडल्यासारखे वाटते. आपण मुलगा आहात. हुकूम केल्याने हे सुटणार नाही. शक्य असेल तर हे बोलणे बहिणीकडून किंवा पत्नीकडून व्हावे. आईंना सांगावे की दिवा मालवल्यावर काढा, पहाटे चूल पेटवण्याआधी घाला, कोणाला कळणारही नाही. आणि चार पाहुणे घरात असतील तेव्हा रात्री काढणे खरोखरच जमणार नसेल, तर दुपारी दार ओढून दोन तास कवळी काढून पडावे. पूर्ण विश्रांतीइतके ते चांगले नाही, पण काहीच नसण्यापेक्षा कितीतरी बरे.

काढलेली कवळी पाण्यात ठेवावी, कारण कोरडी पडली की तिचा आकार किंचित बदलू शकतो. मात्र पेल्यात नको. एका घरी गणपतीत मुंबईहून वीस माणसे आली होती. आजींनी नेहमीप्रमाणे फुलपात्रात पाणी घालून कवळी ठेवली. पहाटे कोणा सुनेने ते शिळे पाणी समजून मागच्या दारी माडाच्या आळ्यात ओतले. दुपारपर्यंत सगळे घर झावळ्या बाजूला करून शोधत होते. कवळी सापडली, पण ती सापडेपर्यंत त्या माऊलीने सणाच्या दिवशी तोंडात घास घातला नाही आणि खोलीबाहेरही आल्या नाहीत. म्हणून घट्ट झाकणाचा, ठळक रंगाचा, फक्त कवळीचा डबा घ्या. त्यावर नाव लिहा. झाकणामुळे मुंग्या, झुरळे आणि मांजर यांचाही प्रश्न मिटतो. घरात कुत्रा असेल तर डबा उंचावर ठेवा, कुत्र्यांना कवळी चघळायला आवडते. डब्यातले पाणी रोज बदलावे आणि डबाही साबणाने घासावा. तळाशी बुळबुळीत लागले तर रात्रभर आपण स्वच्छ कवळी घाण पाण्यात ठेवत आहोत हे ओळखावे. आपल्या पावसाळ्यात, जिथे कपाटातल्या चपलांनाही भुरी येते, तिथे याबाबत ढिलाई चालत नाही.

‘दातच नाहीत तर घासायचे काय?’ या आईंच्या प्रश्नाचे उत्तर असे, की हिरड्या, टाळू आणि जीभ. कवळी काढल्यावर स्वच्छ मलमलीचा ओला तुकडा तर्जनीला गुंडाळून वरची हिरडी, टाळू, खालची हिरडी, गालांच्या आतल्या बाजू असे सावकाश पुसून काढावे. टाळूची आग शमल्यावर याच कामाला अगदी मऊ ब्रश वापरता येतो. जिभेवर मागून पुढे दोन-तीनदा कापड फिरवावे. वासाचे मूळ बहुधा तिथेच असते. कापडावर काय निघते ते पाहून आईंचा प्रश्न आपोआप मिटेल. नंतर पेलाभर कोमट पाण्यात अर्धा चमचा मीठ घालून गुळण्या कराव्यात. पुसताना बोटाला एखादी जागा टणक, खडबडीत किंवा दुखरी लागली तर तीही कळते, आणि हा या सवयीचा मोठा लाभ आहे.

मिसरीचा उल्लेख इथे केलाच पाहिजे, कारण आपल्या भागातल्या त्या पिढीतल्या पुष्कळ स्त्रियांना ती सवय आहे आणि दात गेल्यावरही ती जात नाही. बोटाने हिरडीलाच लावली जाते. मिसरी म्हणजे भाजलेली तंबाखू, ती दात साफ करत नाही. कवळीखाली तिचा कण राहिला तर तंबाखू तासन्‌तास एकाच जागी लागून राहते. पान-सुपारीचेही तसेच, सुपारीच्या दीर्घ सवयीने गाल आतून आवळत जातात आणि पुढे पुढे कवळी तोंडात शिरवणेही कठीण होते. कवळीने पडलेला छाला कवळी दोन दिवस काढून ठेवली, दंतवैद्यांकडून कड घासून घेतली की आठवड्या-दीड आठवड्यात भरून येतो. जी जखम, पांढरा किंवा लाल चट्टा दोन आठवड्यांत बरा होत नाही, तो कवळीचा मानून बसू नये. तोंडाच्या कर्करोगाच्या दृष्टीने तपासून घ्यावा. दुखत नाही हे त्यात समाधानाचे कारण मुळीच नाही.

ओठांच्या कोपऱ्यांतल्या चिरांना दोन कारणे असू शकतात आणि आईंच्या बाबतीत दोन्ही असावीत असा माझा अंदाज आहे. एक तर तीच बुरशी तिथेही पसरते. दुसरे, सहा वर्षांत कवळीचे दात झिजतात, खालचा जबडा खचतो आणि तोंड मिटताना नाक-हनुवटीतले अंतर कमी होऊन कोपऱ्यात घडी पडते. त्या घडीत लाळ साचते. दात गेल्यावर जबड्याचे हाड आयुष्यभर हळूहळू झिजत राहते. दंतसंशोधक अँट्ये टालग्रेन यांनी २५ वर्षे कवळीधारकांचा मागोवा घेऊन १९७२ साली दाखवून दिले, की पुढच्या भागात खालचा जबडा वरच्यापेक्षा सुमारे चौपट झिजतो. म्हणून खालची कवळी आधी हलू लागते. हाड बदलते आणि कवळी तशीच राहते, तेव्हा पाच-सात वर्षांनी आतून नवा थर देऊन किंवा नवी करूनच ती नीट बसते. मधल्या काळात चिकटपट्टीसारखे वापरायचे पेस्ट किंवा पावडर थोड्या प्रमाणात चालते, पण रोज रात्री ती कवळीवरून आणि टाळूवरून पूर्ण पुसली गेली पाहिजे, कारण तिचा उरलेला लगदा बुरशीला आयते घर असतो. जस्त असलेले पेस्ट भरमसाट वापरल्याने शरीरातले तांबे कमी होऊन हातापायांच्या नसा दुबळ्या झाल्याची उदाहरणे वैद्यकीय साहित्यात आहेत. आठवड्याला नळी संपत असेल, तर कवळी तपासायची वेळ झाली आहे.

औषध दंतवैद्य ठरवतील. बहुधा बुरशीविरोधी थेंब किंवा जेल दोन-चार आठवडे देतात. ते टाळूला लावायचे आणि कवळीच्या धुतलेल्या आतल्या बाजूलाही. लाली दिसेनाशी झाली म्हणून मध्येच सोडू नये. आईंची रक्त पातळ करण्याची वॉरफरिनची गोळी चालू असेल तर ते आधीच सांगा, कारण मायकोनॅझोल या बुरशीविरोधी औषधाचे जेल तोंडात वापरले तरी त्या गोळीचा परिणाम धोकादायकरीत्या वाढतो. मधुमेहाची तपासणी झालेली नसेल तर या निमित्ताने करून घ्या. साखर ताब्यात नसेल तर ही बुरशी परत परत येते. दम्याचा पंप असेल तर तो ओढल्यावर प्रत्येक वेळी खळखळून चूळ भरावी. रक्तदाबाच्या, झोपेच्या काही गोळ्यांनी तोंड कोरडे पडते. अशा वेळी दिवसभर घोट-घोट पाणी प्यावे आणि डॉक्टरांना विचारल्याखेरीज गोळी बंद करू नये. अशक्तपणा असेल तर रक्तातले लोह आणि बी-१२ पाहणेही योग्य ठरते.

ज्यांचे काही दात शाबूत आहेत आणि जे तारेची अर्धी कवळी वापरतात, त्यांनी वरचे सगळे पाळावेच. शिवाय नैसर्गिक दात फ्लोराइडच्या टूथपेस्टने, कवळी काढूनच, दोनदा घासावेत. तार ज्या दाताला मिठी मारते तो दात तिच्या सावलीत सर्वांत आधी किडतो. तारेच्या आतल्या वळणात ब्रशचे टोक घालून ती वेगळी घासावी, आणि कवळी काढताना तार ओढू नये. गुलाबी भागाला धरून उचलावी.

दंतवैद्यांकडे जाताना दोन्ही कवळ्या, त्या ठेवायचा डबा, घासायचा ब्रश आणि चालू असलेल्या सगळ्या औषधांची पाकिटे एका पिशवीत घालून न्या. ब्रशच्या केसांकडे पाहून कवळी कशी घासली जाते ते आम्हाला लगेच समजते. शक्य असेल तर आदल्या रात्री कवळी काढून ठेवायला सांगा, म्हणजे मोकळ्या टाळूची खरी स्थिती दिसेल. तीन-चार आठवड्यांनी टाळू फिकट गुलाबी झाली, की त्याच भेटीत नव्या कवळीचे किंवा जुनीला आतून थर देण्याचे माप घेता येईल. खर्चाची अडचण असलेल्या वाचकांसाठी सांगतो, की १ एप्रिल २०१७ पासून सुरू असलेल्या केंद्राच्या राष्ट्रीय वयोश्री योजनेत दारिद्र्यरेषेखालील ज्येष्ठांना द्यायच्या साहित्यात कवळीचाही समावेश आहे. तिच्या शिबिरांची चौकशी जिल्ह्याच्या समाजकल्याण कार्यालयात करावी. त्यानंतर वर्षातून एकदा, कवळी दुखो वा न दुखो, तोंड दाखवून घ्यावे. गणपतीला आपण गावी येताच. तेव्हाच आईंना दवाखान्यात नेण्याचा एक दिवस राखून ठेवा.